इमानवाल्याच्या वजनाचा दगड

आमच्या दारात निंबाखाली एक काळा दगड आहे. बाया त्याच्यावर गोधड्या आपटतात. पोरं त्याच्यावर बसून चिंचा खातात. घरात नवी सून आली की ती आधी त्याला हात जोडते, कारण कुणीतरी कधीकाळी त्याला शेंदूर फासलाय. मी सांगते, बाई, देव नाही तो. बस खुशाल. तो एका माणसाच्या वजनाचा दगड आहे.

तो माणूस इमानवाला होता, विमान चालवणारा. त्याला नाव होतं, पण ते आमच्या जिभेवर बसलं नाही. गाव त्याला इमानवाला साहेब म्हणायचं. माझी सासू, तो ऐकायला जवळ नसला की, काटावाला म्हणायची.

शेर-मण जाऊन किलोची वजनं नुकती आली होती आणि कुणाचा त्यांच्यावर भरवसा नव्हता, त्या वेळची ही गोष्ट. मला सून होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचं गाव तापीच्या वरच्या काठाला. कापूस, केळी, थोडा ऊस. त्या साली कापसावर कीड अशी बसली की पानं खालून काळी पडली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवलं की इमानानं औषध फवारायचं. इमान उतरायला लांब सपाट जागा लागते. नदीकाठी आमचं एक पडीक वावर होतं, ते पसंत पडलं. मंग इमान आलं. पिवळं, एवढंसं. पत्र्याचं असेल असं मला वाटलं होतं, तर अंगाला ताणलेलं कापड. बोट लावलं की दबायचं. आणि त्याच्याबरोबर हा. राहायला आमच्या ओसरीवरच्या खोलीत, जेवायला आमच्या चुलीवर.

पहिल्याच सकाळी त्यानं निंबाला टांगलेला कापूस तोलायचा काटा पाहिला. दोन बाजूंना लाकडी पारडी, वर साखळ्या. सासऱ्यांना म्हणाला, बाबा, मी बसतो, तुम्ही तोला. सासरे हसले. त्यांना वाटलं, शहरातला माणूस, झोका खेळतो. तोलून घेतलं, आणि दुपारी हा नदीवर गेला. संध्याकाळी गाडीत घालून हा काळा दगड आणला. हातोडीनं त्याचा एक कोपरा फोडून फोडून त्यानं तो बरोबर आपल्या वजनाचा केला. त्या दिवसापासून रोज सकाळी एका पारड्यात दगड, एका पारड्यात हा. काटा सरळ राहिला तर न्याहरी करायचा. याचं पारडं जरा झुकलं तर भाकर परत.

मी थाळा घेऊन उभी, आणि हा भाकर परत देतोय. सासूला ते फार लागायचं. तिनं कधी कुणाला अर्धपोटी उठू दिलं नव्हतं.

"हाऊ माणूस दगडले इचारीसन जेवस," ती शेजारणींना सांगायची. "सोयरा मन्हा नही, दगडना शे."

गावातल्या पोरांनी दगडाला साहेबाचा भाऊ करून टाकलं. मोठा साहेब जेवला, धाकटा साहेब उपाशी, असं ओरडत पळायची. पोळ्याला बैलांबरोबर कुणीतरी दगडाच्या पुढंही पुरणपोळी ठेवली. त्यानं ती उचलून खाल्ली. भावाची आहे, माझ्यात मोजू नका, असं म्हणाला. हसायचा कमी, पण असं एखादं बोलायचा.

वजनाचं एवढं कशाला, हे सासऱ्यांनी त्याला विचारलं. तेव्हा तो म्हणाला की इमान छोटं आहे. छोट्याला सगळं कळतं. खिशात पाना राहिला तरी कळतं. आदल्या दिवशी लग्नात जेवला असाल तरी कळतं.

त्याचं एक बोलणं ठरलेलं होतं. हाताला विचारा. कशालाही तेच. पाऊस येईल का, हाताला विचारा. दूध तापलं का, हाताला विचारा. डोळे मिटून बसायची त्याला सवय होती. सासऱ्यांच्या गाडीत धुऱ्यापाशी डोळे मिटून बसायचा आणि धुऱ्यावर हात ठेवून सांगायचा की डावा बैल पाय राखून चालतोय. बैलाचा खूर पाहिला तर खरंच काटा रुतलेला. एकदा मी सासूबरोबर दळायला बसले होते. तो दारातून जाताना थांबला. म्हणाला, आजी, जात्याच्या वरच्या पाळूवर मला हात ठेवू द्या. सासूनं माझ्याकडे पाहिलं, मी पदर ओढून बाजूला झाले. त्यानं डोळे मिटले, सासू फिरवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाला, आता घास संपला, आता दगडावर दगड आहे. सासू म्हणाली, हे तर मन्ही नातले बी कयस. त्याला त्याचा राग आला नाही. उलट खूश झाला. कळतंच, म्हणाला, सगळ्यांना कळतं, मग विसरतात.

संध्याकाळी ओसरीवर तो सासऱ्यांशी बोलायचा. मी आतून, दाराआडून ऐकायची. सुनेनं पुरुषांत बसायचं नसतं, पण भाकरी थापताना कान उघडे असतात.

तो आधी मोठी इमानं चालवायचा. मुंबईहून दूर दूर जाणारी, पन्नास-साठ माणसं पोटात घेणारी. सासऱ्यांनी विचारलं, मोठं सोडून हे चिलट कशाला धरलं? तो म्हणाला, मोठं इमान आगगाडीसारखं आहे. तुम्ही त्याला वळ म्हणता, ते ऐकतं, विचार करतं, मग वळतं. मागे बसलेल्यांच्या कपातला चहा हलत नाही. ढगात शिरलं काय, बाहेर आलं काय, आतल्या माणसाला पत्ता नाही. हातातल्या चाकाला काही कळत नाही, सगळं काचेतले काटे सांगतात. आणि हे छोटं? हे तुमच्या मनात आलं की वळतं. मनात चुकीचं आलं तरी वळतं. काळ्या नांगरलेल्या रानावर आलं की खालून कुणी उचलल्यासारखं वर जातं, कारण जमीन तापलेली असते. केळीवर आलं की खाली बसतं. उसावर बसतं. नदीवर तर धपकन बसतं. डोळे मिटून मी सांगेन खाली कुणाचं वावर आहे.

सासरे म्हणाले, मंग चांगलं काय, मोठं का लहान?  तेव्हा त्यानं मोठं का सोडलं ते सांगितलं. मोठ्या इमानात एकदा त्याच्या मागे एक म्हातारा बसला होता. इमान उतरलं, सगळे उठून गेले, म्हातारा उठला नाही. वाटेतच कधीतरी गेला होता. खिडकीला डोकं टेकून. कुणी म्हणालं झोपलाय.

"माझ्या पाठीमागे एक माणूस गेला," तो म्हणाला, "आणि माझ्या हाताला कळलं नाही."

त्याच्या मागोमाग त्यानं ती नोकरी सोडली. सासरे नंतर मला नाही, सासूला म्हणाले, असं कुणी करतं का. म्हाताऱ्यानं मरायचं होतं, मेला. याचा काय दोष. सासू म्हणाली, दोस नही, पन लागी गयं त्याले.

आता सुमीचं सांगते.

सुमी माझी आंडेर, माझी लेक, तिसरं वर्ष संपत आलेलं. भादव्याचा शेवट होता. वर सातपुड्यात धो धो पाऊस लागला आणि तापी चढली. नावाड्यांनी नावा ओढून वर घेतल्या. तालुक्याकडचा रस्ता ओढ्यानं फोडला. सुमीचे वडील नंदुरबारला सरकी घेऊन गेले होते, ते पलीकडेच अडकले. इमानसुद्धा निंबाच्या रांगेला दोरखंडानं बांधून ठेवलेलं. आणि नदीनं आमच्या त्या वावराचा खालचा तुकडा खाल्ला. दरडी पडत होत्या, आवाज घरापर्यंत यायचा. इमान धावायची जागा निम्मी राहिली.

सुमीला ताप होता. घसा दुखतो म्हणायची. मी हळद-दूध दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास वाजायला लागला. आत ओढताना शिट्टीसारखा. गावात एक म्हातारे कंपौंडर राहायचे. त्यांनी चमचा घालून घसा पाहिला, आणि चमचा माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. घटसर्प, म्हणाले. आत पडदा धरलाय. इथं काही होणार नाही. पलीकडे मिशनचा दवाखाना आहे, तिथं गळ्याला बाहेरून भोक पाडतात. आजच्या आज पोचली तर.

सासरे नावाड्याकडे गेले. नावाडी रडला, पण नाव काढली नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. झाडं वाहत होती.

मंग सासू इमानवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. तो नाही म्हणाला. पट्टी राहिली नाही आजी, म्हणाला. चिखल आहे, चाकं धरेल. सासू हलली नाही. तिथंच उभी राहिली. सुमीचा आवाज ओसरीवर येत होता. तो उठला, बूट काढले आणि अनवाणी वावराकडे गेला. चिखलात पाय दाबत दाबत या टोकापासून दरडीपर्यंत चालला, परत चालत आला. पाय गुडघ्यापर्यंत काळे.

"टाकी काढायला लागेल," म्हणाला.

इमानात त्याच्या मागे औषधाची टाकी होती. ती काढली की एका माणसाची जागा. चार गड्यांनी पाने लावून टाकी सोडवली. आत औषधाचा उग्र वास. त्यानं घागरीवर घागरी पाणी ओतून धुतलं, तरी वास गेला नाही. दार उपटून काढलं. अवजारं फेकली. इंधन पिंपात परत काढलं, जाऊन येण्यापुरतं ठेवलं. मी सुमीला घेऊन निंबाखाली बसले होते. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. श्वास घेताना तिच्या गळ्याखालची खळी आत जायची, पार हाडापर्यंत.

सासरे म्हणाले, मी जातो पोरीला घेऊन. सून परक्या माणसाबरोबर कशी जाईल. तो म्हणाला, काट्यावर बसा, दगडाहून हलकं असेल तेच माणूस नेता येईल. सासरे बसले, दगड वर गेला. सासू बसली, दगड वर गेला. मंग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, पोरीला घेऊन बसा."

मी बसले. आम्ही दोघी मिळूनसुद्धा दगड हलला नाही.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. पायात लग्नातले चांदीचे कडे होते, भरीव. सोनारानं घालून चेपलेले, ते सोनारच काढतो. हे काढा, म्हणाला. सासूनं तोंड फिरवलं. सवाष्णीच्या पायातले कडे कधी निघतात ते सगळ्यांना माहीत होतं. मी एरंडेल लावलं आणि ओढले. घोट्याची कातडी निघाली. दुसऱ्या पायाची जास्त निघाली. ते काही नाही.

इमानाकडे जायला निघालो तेव्हा सासूनं मला गोठ्याच्या कोपऱ्याला ओढलं. घाईत होती. माझा पदर धरला, त्यात गहू ओतले, नारळ ठेवला, वरून कंबरेला गाठ मारली आणि सुमीची गोधडी माझ्यावर नीट पांघरली.

"नदी वलांडी ऱ्हायनी तू," म्हणाली. "रिकामी वटीनी जावाव नही."

मी गोधडी धरून चालू लागले.  काट्यावर बसून झालं होतं. आणि वटीला कोण वजन म्हणतं? आमच्यात घरून निघणाऱ्या बाईची वटी भरतात. ती भरलेली असते तेव्हा बाई परत येते. ते वजन नसतं.

मला त्यानं मागे बसवलं, खाली नुसती घडी केलेली गोणपाटं. सुमी मांडीवर, तोंडावर ओलं फडकं. तो पुढं बसला. इमान सुरू करायच्या आधी वळून म्हणाला, की वर गेल्यावर बोललेलं ऐकू येणार नाही. मंग म्हणाला,

"पोरीचा श्वास चालू आहे तोवर माझ्या पाठीवर हात ठेवा. थांबला तर काढा. मला कळलं पाहिजे."

सगळं गाव उभं होतं. सासरे उभे होते. मी पदर पुढं ओढला आणि परक्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला.

इमान धावायला लागलं. चिखल पंखांवर उडत होता. हाडं खिळखिळी होत होती. समोर दरड जवळ येत होती, तिच्यापुढं तपकिरी पाणी. अचानक आवाज बंद झाला. त्यानं सगळं ओढून धरलं, इमान तिरकं घसरलं आणि उभं राहिलं. दरड समोर होती. बाजूनं वाकून पाहिलं असतं तर खाली पाणी दिसलं असतं, एवढी समोर.

तो ओरडला नाही. हळू वळला.

"मागे काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही.

"शेपूट जड आहे. उचलत नाहीये. काय आहे, वहिनी?"

मी गोधडी बाजूला केली. वटी, म्हणाले. त्याला शब्द कळला नाही, वाटी ऐकू आलं असावं. मी गाठ सोडली. गहू खूप होते, मला वाटलं होतं त्याहून खूप. सासूनं घाईत सगळी पायलीच ओतली होती. नारळ निघाला. आणि गव्हातून माझे दोन्ही कडे निघाले. ते मला माहीत नव्हतं. सवाष्णीला उघड्या पायांनी नदीपार पाठवायचं तिच्या मनाला पटलं नसणार. पायात नाही तर वटीत.

त्यानं कडे पाहिले, माझे घोटे पाहिले. त्याला सगळं समजलं. इथंच ठेवा, म्हणाला.

मी बाहेर वाकून वटी चिखलात ओतली. आजारी लेकरू मांडीवर घेऊन कुणी बाई आपली वटी चिखलात ओतत नाही. लांब सासू उभी होती, तिला ते दिसत होतं. तिनं हात तोंडाला लावला. गहू ओतले, कडे टाकले. नारळ काही हातातून सुटेना.

त्यानं हात पुढं केला. मी नारळ दिला. त्यानं तो तळहातावर घेतला, डोळे मिटले. सुमी शिट्टी वाजवत होती. तेवढ्यातही त्यानं डोळे मिटले. मंग नारळ परत दिला.

"एवढा चालेल."

माणसं धावत आली, इमान ढकलत ढकलत पार वरच्या टोकाला नेलं. दुसऱ्यांदा धावलो. मी डोळे उघडे ठेवले. माझा हात त्याच्या पाठीवर, त्याचा सदरा घामानं भिजलेला. त्याच्या पाठीचा एकेक पट्टा मला कळत होता. आधीच्या वेळी ती पाठ दगड होती. या वेळी मधेच ती सैल झाली, आणि खालचे धक्के संपले. आम्ही वर होतो. दरड खालून गेली.

लगेच नदी आली. आणि इमान खाली बसलं. जसं पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी. सुमी मांडीवरून उचलली गेली. तिला धरायला माझा हात सुटला.

तो वळला. मी त्याचं तोंड पाहिलं. ते तोंड मी नंतर कधी कुणाला सांगितलं नाही, आता सांगते. आपल्याच घरचं कुणी गेल्यासारखं होतं. मी हात परत ठेवला, जोरानं ठेवला, मारल्यासारखा. तो पुढं वळला.

पलीकडच्या काठाला काळी रानं आली तशी खालून कुणीतरी उचललं. मंग केळी, बसलं. मंग पुन्हा उचललं. तो सांगायचा तसंच, सगळं. त्या इमानाला सगळं कळत होतं आणि त्यामुळे मलाही. वारा लागला की ते अंग चोरायचं. त्याच्या हाताच्या आधी ते हलायचं असं वाटायचं. मी डोंगराच्या बाजूचे ढग पाहिले नाहीत, पाहायला नको होते. सुमीच्या छातीवर एक हात, त्याच्या पाठीवर एक. मधे श्वास लांबायचे. एक झाला की दुसरा येईपर्यंत माझा हात त्याच्या पाठीवरून उचलायच्या बेतात असायचा. येई. मंग पुन्हा टेकवायची.

दवाखान्यामागे गायरान होतं. गुरं चरत होती. तो गुरांच्या डोक्यावरून दोनदा गेला, गुरं पांगली, तिसऱ्यांदा उतरलो. इमान थांबायच्या आधी त्यानं उडी मारली, सुमीला घेतलं आणि अनवाणी धावला. मी मागून. माझ्या हातात नारळ.

आत त्यांनी मला येऊ दिलं नाही. दाराबाहेर मी बसले, तो उभा. आधी शिट्टी ऐकू येत होती. मंग तीही नाही. किती वेळ, मला सांगता येत नाही. त्यानं एकदाही विचारलं नाही. मंग आतून वेगळाच आवाज आला, फुस्स, पुन्हा फुस्स, जसा भात्याचा येतो. नर्सबाईनं दार उघडून सांगितलं, पोरगी गळ्यातून श्वास घेतेय.

मी त्याच्याशी तोवर मोजून बोलले होते, तेही विचारल्यावर.  मी माझा हात पुढं केला, पाठीवर ठेवलेला तोच, नुसता, उघडा. त्यानं पाहिला. मान हलवली. उजेड होता तोवर त्याला परत जायचं होतं, तो गेला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

सुमी आता म्हातारीच होत आली. आवाज घोगरा राहिला, गळ्याखाली नाण्याएवढा वण. मागे तिनं मला इमानानं नेलं, तिच्या लेकाकडे. सुरतेहून आधी एक लहान जेट, दोन-दोन खुर्च्यांचं, डोक्याला छत लागेल असं. विमानतळावर पेट्या तोलायचा काटा दिसला. मी चपला काढून त्याच्यावर जाऊन उभी राहिले. तिथली पोरगी म्हणाली, आजी, तुम्ही नाही, फक्त बॅग. मी म्हटलं, माणसाचं तोलत नाही? ती म्हणाली, गरज नाही.

लहान जेट वर जाताना अंग मागे दाबत होतं, पंखातून थरथर खुर्चीत येत होती. मी डोळे मिटले. थोड्या वेळात ते हलकंसं बसलं. अगदी थोडं. आजूबाजूला कुणाला कळलं नाही. मी सुमीला म्हटलं, नदी आली. ती खिडकीतून खाली पाहत म्हणाली, हो गं माय, तापी आहे. तुला कसं कळलं?

पुढचं इमान मोठं होतं. त्यात मी काय सांगू. घरात बसल्यासारखं. वळलं तेव्हा खिडकीतली जमीन तिरकी झाली म्हणून समजलं, अंगाला काही नाही. चहा दिला, तो हलला नाही. सगळे झोपले. मी झोपले नाही. समोरच्या खुर्चीत एक म्हातारा खिडकीला डोकं टेकून होता. मी त्याच्या खांद्याकडे बघत बसले, वर होतोय, खाली होतोय. उतरेपर्यंत बघितलं. तो उठला, पिशवी घेतली आणि गेला. मंग मी उठले.

दवाखान्यातून आम्ही परत आलो तेव्हा नदी उतरली होती. वावराच्या टोकाला, दरडीपाशी, चिखलात गव्हाचे कोंब आले होते, हिरवेगार, एकाच जागी दाट. सासूनं माझे कडे त्याच दिवशी चिखलातून वेचून आणले होते, राखेनं घासून ठेवले होते. पायांना जखमा होत्या, तरी तिनं चिंधी बांधून वरून घातले. मी घालू दिले.

ओसरीवरची खोली रिकामी होती. सासऱ्यांनी सांगितलं, त्याच्या कंपनीची माणसं नदी उतरताच आली. इमानात माणूस बसवायचा हुकूम नव्हता. ते इमान दुसऱ्यानं उडवत नेलं. याला गाडीनं जायचं होतं. जायच्या सकाळी हा नेहमीसारखा काट्यावर बसला, तर दगडाचं पारडं खाली. दोन दिवस जेवला नव्हता. सासू म्हणाली, आज तरी दगड सांगस ते आईक, आन् जेव. तो पोटभर जेवला.

मंग तिनं त्याचा रुमाल पसरला. गडीमाणसाची वटी भरत नाहीत, ते तिलाही माहीत होतं. तिनं गहू ओतले. मी दवाखान्यातून माणसाबरोबर नारळ परत पाठवला होता, तोच, तो वर ठेवला आणि गाठ मारली.

मी तिला विचारलं, मंग? काय म्हणाला?

सासू चुलीत फुंकत होती. तिनं फुंकणी दारातल्या काट्याकडे केली.

"काही नही म्हन्ना," म्हणाली. "काटा आठेच व्हता. तोलं नही त्यानी. तसंच ली गया."